फोनवर घरबांधणीचं शेड्यूल कसं लावायचं: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

घर बांधायला काढलेल्या ओळखीच्या लोकांचा ठरलेला प्रश्न असतो, 'प्लॅनिंगसाठी फोनवरचं एखादं चांगलं ॲप सांगा ना'. मी नाव सांगतो, ते डाउनलोड करतात, दोन दिवस रंगीत पट्ट्या ओढत बसतात, तिसऱ्या दिवशी गवंडी येत नाही, पट्ट्या आहेत तिथंच राहतात आणि ॲप फोनच्या शेवटच्या पानावर जाऊन पडतं. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय, पुढच्या वेळी लिंक पाठवून मोकळा.

मी डिप्लोमा सिव्हिलवाला, साइटवर आयुष्य गेलेला माणूस, सॉफ्टवेअरमधला नाही. पण हातात मावणाऱ्या मशीनवर प्लॅनिंग मी स्मार्टफोन यायच्या आधीपासून करतोय. २००४ साली पुण्यात एका साइटवर असताना साहेबांनी त्यांचा जुना पाम, म्हणजे खिशात मावणारा छोटा कॉम्प्युटर, माझ्या हातात दिला होता. काडीसारख्या पेनानं लिहायचं, तेही ग्राफिटी नावाची वेगळीच अक्षरं शिकून, आणि स्क्रीन १६० बाय १६० ठिपक्यांचा. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये केलेला प्लॅन पामवर प्रोजेक्ट ॲट हँड नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये यायचा, सकाळी स्टँडवर ठेवून हॉटसिंकचं बटण दाबलं की झालं. एवढ्याशा स्क्रीनवर अख्ख्या बिल्डिंगचा बार चार्ट बघायचा म्हणजे किल्लीच्या भोकातून वरात बघण्यासारखं, म्हणून तिथं आम्ही प्लॅन करायचोच नाही. प्लॅन टेबलावर व्हायचा, आणि खिशातल्या मशीनवर आज काय चालू, काय अडलंय आणि उद्या काय लागणार एवढंच बघायचो. आजचा फोन त्या पामपेक्षा कैक पटींनी ताकदवान आहे, पण साइटवरचं ऊन, सिमेंटचे हात आणि एका हातात धरलेला टेप हे काही बदललेलं नाही, त्यामुळे ती जुनी पद्धत मला अजूनही बरोबर वाटते.

उदाहरण म्हणून तळमजला अधिक एक मजला असा साधा आरसीसी बंगला धरलाय.

आधी हे जवळ ठेवा

- मंजूर नकाशा आणि आरसीसी ड्रॉइंगचे फोटो किंवा पीडीएफ, फोनमध्येच एका फोल्डरमध्ये
- कॉन्ट्रॅक्टरचं कोटेशन, त्यात कुठल्या टप्प्याला किती पैसे द्यायचे ते लिहिलेलं पान
- मिस्त्री, सेंट्रिंगवाला (स्लॅबचा साचा उभारणारा), फिटर (सळई बांधणारा), प्लंबर, इलेक्ट्रिशियन, फरशीवाला, खिडक्यांवाला यांचे नंबर
- या वर्षातल्या सुट्ट्या आणि लेबर गावाला जातं ते दिवस, तारखांसकट
- गुगल शीट्ससारखं कुठलंही स्प्रेडशीट ॲप
- एक दोनशे पानी वही, पॉवर बँक आणि पावसाळ्यासाठी झिपवाली प्लास्टिक पिशवी

एक दिवस कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप मिळाला तर सोन्याहून पिवळं, कारण पायरी ५ फोनवर करताना डोळे जातात.

१. कामांची यादी आधी वहीत करा

ॲप उघडायचं नाही अजून. आखणी, खोदाई, पीसीसी (तळाचं साधं काँक्रीट), फुटिंग (कॉलमचा पाया), प्लिंथपर्यंत कॉलम, प्लिंथ बीम, मुरूम भराव, सोलिंग (दगडांचा थर), मग तळमजल्याचे कॉलम, स्लॅब, असं वरपर्यंत लिहीत जा. तीस ते चाळीस ओळी पुरतात. नवीन माणूस उत्साहात दोनशे ओळी करतो, त्यात 'दरवाजाला बिजागरी लावणे' पण असतं, आणि आठवड्यात कंटाळतो. दुसऱ्या टोकाला 'आरसीसी काम, ९० दिवस' अशी एकच ओळ लिहिणारे पण आहेत, त्यांना काम मागं पडलंय हे पंच्याऐंशीव्या दिवशी कळतं. माझा ठोकताळा असा की एक ओळ म्हणजे एका टोळीचं एका जागेवरचं काम, दोन दिवसांपेक्षा कमी नको आणि दोन आठवड्यांपेक्षा जास्त नको. स्लॅब भरायच्या दिवसाला मात्र एका दिवसाची स्वतंत्र ओळ द्या.

फोनच्या स्क्रीनवर कामाच्या नावाची पहिली पंधरा-वीस अक्षरंच दिसतात हे नाव ठरवतानाच लक्षात ठेवा. 'पहिल्या मजल्यावरील अंतर्गत भिंतींचे प्लास्टर' आणि 'पहिल्या मजल्यावरील बाहेरील भिंतींचे प्लास्टर' या दोन ओळी फोनवर सारख्याच दिसतात. त्यापेक्षा 'आतलं प्लास्टर, वर' आणि 'बाहेरचं प्लास्टर, वर' असं लिहा.

माल मागवणं हे पण काम आहे, त्याला ओळ द्या. सळई, विटा, फरशी, खिडक्या. खिडक्यांचं माप प्लास्टर झाल्यावर घेतात, त्यानंतर बनायला वेळ लागतो, आणि ही ओळ नसली की घर तयार असूनही खिडक्यांच्या जागी ताडपत्री लावून वास्तुशांत करावी लागते. बघितलंय मी.

२. दिवस किती लागतील ते करणाऱ्याला विचारा

आर्किटेक्टला नाही, शेजाऱ्याला नाही, यूट्यूबला तर नाहीच. सेंट्रिंगवाल्याला विचारायचं की बाबा हा स्लॅब लावायला किती माणसं आणि किती दिवस. तो 'आठ दिवसात करून देतो' म्हणेल. लगेच पुढचा प्रश्न, किती माणसांत? सहा म्हणाला तर ते सहा पण लिहून ठेवा, कारण प्रत्यक्षात येतात तीन.

दिवस दोन जातीचे असतात. वीटकाम, प्लास्टर हे कामाचे दिवस, सुट्टीला बंद. आणि क्युरिंग (काँक्रीट पाण्यानं ओलं ठेवणं), प्रॉप (स्लॅब-बीमखालचे टेकू) उभे राहायचा काळ हे कॅलेंडरचे दिवस, काँक्रीटला रविवार कळत नाही. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात साध्या ओपीसी सिमेंटला क्युरिंग निदान ७ दिवस सांगितलंय, पीपीसीसारखं मिश्र सिमेंट असेल किंवा हवा गरम आणि कोरडी असेल तर निदान १० दिवस. स्लॅबचे प्रॉप गाळा (दोन आधारांमधलं अंतर) ४.५ मीटरपर्यंत असेल तर ७ दिवस, त्याच्या वर १४ दिवस. बीमचे प्रॉप ६ मीटरपर्यंत १४ दिवस आणि त्याच्या वर २१. हे प्रॉपचे आकडे ओपीसीचे आहेत, पीपीसीला जास्त लागतात, तुमच्या आरसीसी कन्सल्टंटला विचारून तोच आकडा टाका. सेंट्रिंगवाल्याला साच्याच्या प्लेटा दुसऱ्या साइटवर न्यायच्या असतात, त्यामुळे या एका बाबतीत त्याला विचारू नका.

३. कशानंतर काय ते बाण काढून ठरवा

वहीत प्रत्येक ओळीसमोर लिहा, हे काम सुरू व्हायला आधी कुठलं संपलं पाहिजे. सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो, त्यामुळे घाई करू नका.

स्लॅबचंच घ्या. स्लॅब भरला, दुसऱ्या दिवशी वर वाफे करून पाणी साठवलं. आता नवीन माणूस लिहितो, 'क्युरिंग संपल्यावर वरचे कॉलम'. तसं नसतं, एक-दोन दिवसात वरती कॉलमची आखणी सुरू होते, पाणी मारणं बाजूला चालू राहतं. पण त्याच स्लॅबच्या खाली प्रॉपचं जंगल उभं असतं, तिथं वीटकाम करता येत नाही. म्हणजे एका स्लॅबमधून दोन बाण निघतात, वर जाणारा लगेच आणि खाली जाणारा प्रॉप काढल्यावर. हे दोन बाण नीट काढले की वरचं आरसीसी आणि खालचं वीटकाम एकाच वेळी चालतं आणि शेड्यूलमधले कित्येक दिवस वाचतात, कुणाला एक रुपया जास्त न देता.

तसंच प्लास्टरच्या आधी भिंतीत झिरी मारून इलेक्ट्रिकचे पाइप आणि प्लंबिंगचं कन्सीलिंग, बाथरूमची फरशी लावायच्या आधी वॉटरप्रूफिंग आणि पाणी साठवून टेस्ट. हे बाण विसरले की नवीन प्लास्टर फोडावं लागतं.

सगळे बाण काढल्यावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक सगळ्यात लांब साखळी सापडते, तिच्यातलं कुठलंही काम एक दिवस लांबलं की गृहप्रवेश एक दिवस लांबतो. यालाच क्रिटिकल पाथ म्हणतात. ही पद्धत १९५७ च्या आसपास ड्यूपॉन्ट आणि रेमिंग्टन रँड या अमेरिकन कंपन्यांनी केमिकल प्लांटच्या कामांसाठी बसवली, तेव्हा गणित करायला खोलीएवढा कॉम्प्युटर लागायचा. तुम्ही चाळीस ओळींसाठी लाल पेनानं करू शकता. त्या कामांच्या नावापुढं चांदणी काढा, शीटमध्ये पण तीच चांदणी न्यायची आहे.

४. आता सॉफ्टवेअर निवडा

तीन प्रकार आहेत. एक, साधी टू-डू किंवा कार्ड सरकवायची ॲप. यादीला छान, पण त्यांच्या साध्या वापरात एक काम पुढं ढकललं की त्याच्यामागची कामं आपोआप पुढं जात नाहीत, म्हणून बांधकामाला एकटं पुरत नाही. दोन, गँट चार्टवाली, म्हणजे तारखांवर कामांच्या पट्ट्या (बार चार्ट) दाखवणारी ॲप. तीन, स्प्रेडशीट.

लॅपटॉप असेल तर गँटप्रोजेक्ट किंवा प्रोजेक्टलिब्रे ही फुकट सॉफ्टवेअर घ्या, बार चार्ट तिथं काढा, पीडीएफ करून फोनमध्ये ठेवा. कॉन्ट्रॅक्टरनं मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टची एमपीपी फाइल पाठवली आणि फोनवर उघडत नसेल तर ती पण प्रोजेक्टलिब्रेमध्ये उघडते. फोनवर गँटचं ॲप घ्यायचंच असेल तर पैसे भरायच्या आधी एवढं तपासा:

- नेट बंद करून उघडतं का, आणि बदल करू देतं का
- एका कामाची तारीख बदलली की पुढच्या तारखा आपोआप सरकतात का
- फुकटच्या व्हर्जनमधून एक्सेल किंवा पीडीएफ बाहेर काढता येते का
- कॅलेंडरचे दिवस आणि कामाचे दिवस वेगळे धरता येतात का

तिसऱ्या मुद्द्यावर मी स्वतः फसलोय. एका ॲपमध्ये ट्रायलचे दिवस संपेपर्यंत अख्खं शेड्यूल भरलं, मग एक्सपोर्टला गेलो तर पैसे मागितले, शेवटी रात्री बसून सगळं स्क्रीनवरून वहीत उतरवलं. पहिल्याच दिवशी तीन ओळी भरून बाहेर काढून बघा.

चाळीस ओळींच्या घराला माझं मत स्प्रेडशीट. दिसायला रुक्ष आहे, पण फुकट आहे, सगळ्यांच्या फोनवर उघडतं आणि उद्या ॲप बंद पडलं तरी तुमच्या तारखा तुमच्याकडंच राहतात.

५. शीट लावा

रकाने या क्रमानं: काम, सुरू, संपणार, दिवस, अजून किती दिवस, कोण, आधीचं काम, दिवसाचा प्रकार, ठरलेली तारीख. फोनवर पहिले तीन-चारच दिसतात म्हणून कामाचे पुढं ठेवलेत. वरची ओळ आणि फक्त पहिला रकाना फ्रीझ करा. दोन-तीन रकाने फ्रीझ केले तर फोनवर सरकवायला जागाच उरत नाही.

सगळ्यात आधी फाइलच्या सेटिंगमध्ये लोकेल (तारीख कुठल्या देशाच्या पद्धतीनं वाचायची ते) भारत करा. ते अमेरिका राहिलं तर तुमची ५ ऑगस्ट ही ८ मे होते, आणि १२ च्या पुढच्या तारखा मजकूर म्हणून पडून राहतात. ओळखायची खूण सोपी आहे, खरी तारीख रकान्यात उजवीकडं चिकटते, मजकूर झालेली डावीकडं. तारखा इंग्रजी आकड्यातच टाका, मराठी कीबोर्ड कामाच्या नावापुरता ठेवा.

आता फॉर्म्युला. वर्कडे डॉट आयएनटीएल (WORKDAY.INTL) नावाचा फॉर्म्युला आहे, तो सुट्ट्या वगळून तारीख काढतो. कंसात चार गोष्टी द्यायच्या: तारीख, दिवस, आठवडी सुट्टीचा नंबर, आणि सुट्ट्यांची यादी. रविवारी सुट्टी असेल तर नंबर ११, सोमवारी १२, असं वाढत शनिवारी १७. हे मुद्दाम सांगतोय कारण तालुक्याच्या गावी साइट बाजाराच्या दिवशी बंद असते, त्याच दिवशी लेबरला खर्ची (आठवड्याच्या खर्चाचे पैसे) वाटतात, आणि बाजार गुरुवारी असेल तर नंबर १५ टाकायचा. काहीच नंबर दिला नाही तर तो शनिवार-रविवार दोन्ही सुट्टी धरतो, तसली सुट्टी आपल्या साइटवर कुणी बघितलीय.

आता खरा खड्डा. हा फॉर्म्युला दिलेल्या तारखेच्या दुसऱ्या दिवसापासून मोजतो. समजा वीटकाम सोमवार १२ जानेवारी २०२६ ला सुरू आणि ६ दिवसांचं आहे, रविवार सुट्टी. माणूस बोटावर मोजून सांगेल, शनिवारी १७ ला संपेल. फॉर्म्युल्यात १२ तारीख दिली तर उत्तर येतं सोमवार १९. म्हणून संपायची तारीख काढताना नेहमी सुरुवातीच्या तारखेतून १ वजा करून द्या, मग १७ येतं. एका कामात हा एक दिवस किरकोळ वाटतो, पण साखळीत तीस कामं असली की तीस कामाचे दिवस फुकट वाढतात, आणि मग लोक म्हणतात सॉफ्टवेअरमध्ये काही खरं नसतं.

पुढचं काम सुरू व्हायची तारीख काढताना मात्र वजा करायचं नाही. आधीच्या कामाची संपायची तारीख द्या, दिवस १. आधीची दोन कामं असतील तर त्यातली उशिराची तारीख मॅक्स (MAX) फॉर्म्युल्यानं घ्या. क्युरिंग आणि प्रॉपच्या ओळींना हा फॉर्म्युला लावायचाच नाही, तिथं साधी बेरीज: भरायची तारीख अधिक १४ म्हणजे प्रॉप काढायचा दिवस.

सुट्ट्यांची यादी वेगळ्या पानावर ठेवा आणि त्यात सरकारी सुट्ट्या भरत बसू नका, साइट त्या दिवशी चालू असते. त्यात गणपती, दिवाळी, पोळा, गावची जत्रा आणि तुमचं लेबर जिथलं आहे तिथले सण भरा. उत्तर प्रदेश-बिहारची टोळी असेल तर दिवाळीला गेलेली छठ करूनच येते आणि होळीला परत जाते, विजापूर-कलबुर्गीकडची असेल तर त्यांच्या जत्रेच्या तारखा आत्ताच मुकादमाला विचारून घ्या. पाऊस मात्र या पानावर नको, तो खोदाई आणि बाहेरच्या प्लास्टरच्या दिवसांच्या अंदाजात धरा.

६. ठरलेल्या तारखा गोठवा

शीट तयार झाली की संपणार हा रकाना कॉपी करून 'ठरलेली तारीख' मध्ये फक्त व्हॅल्यू म्हणून पेस्ट करा, फॉर्म्युला नको. पुढं काहीही होवो, या रकान्याला हात लावायचा नाही. नाहीतर तारखा रोज पुढं सरकत राहतात आणि कागदावर तुम्ही कायम वेळेवर असता. कॉन्ट्रॅक्टरच्या हप्त्यांचे टप्पे पण याच वेळी त्या त्या ओळीसमोर लिहा, म्हणजे पैसे कुठल्या महिन्यात लागणार ते बँकेला सांगता येतं.

७. रोज पाच मिनिटं, हजेरीच्या वेळी

संध्याकाळी मुकादम हजेरी लिहितो तेव्हाच तुमचा फोन काढा. चालू असलेल्या ओळींनाच हात लावायचा, त्या एका वेळी तीन-चारच असतात. किती टक्के झालं ते विचारू नका. प्लास्टर नव्वद टक्के झालंय हे वाक्य मी सलग तीन आठवडे ऐकलेलं आहे. विचारायचं, 'अजून किती दिवस?' तो आकडा 'अजून किती दिवस' मध्ये टाका, आणि मूळ अंदाजाशी जुळत नसेल तर 'दिवस' बदला, पुढचं सगळं आपोआप सरकेल. चांदणीवालं काम सरकलं तर त्याच संध्याकाळी फोन करा, बाकीच्यांना दोन दिवस थांबलं तरी चालतं.

साइटवर नेट नसतं म्हणून फाइल आधीच ऑफलाइन उपलब्ध करून ठेवा.

८. कुणाला काय दाखवायचं

फाइल बदलायचा अधिकार एकाच माणसाला, बाकीच्यांना फक्त बघायचा. नवरा-बायको दोघंही बदलणार असाल तर वेळ वाटून घ्या, दोघांनी नेट नसताना एकाच रकान्यात लिहिलं की कुणाचं तरी जातं आणि घरात भांडण होतं ते वेगळंच. फाइल व्हॉट्सॲपवर पाठवायची नाही, लिंक पाठवायची. फाइल पाठवली की आठ दिवसात 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'फायनल नवीन २' अशा तीन होतात.

आणि मिस्त्रीला शीट दाखवूच नका. त्याला रोज रात्री तीन ओळींचा मेसेज करा: उद्या कुठलं काम, किती माणसं, कुठला माल येणार. वाचायला अडचण असेल तर तेच व्हॉइस मेसेजमध्ये.

९. फोन हरवला, भिजला, बंद पडला तर

पामच्या जमान्यात सगळा डेटा रॅममध्ये असायचा, सेल संपून मशीन तसंच पडून राहिलं की प्लॅन गेला, म्हणून रोजचा सिंक चुकवायची सोय नव्हती. आता फाइल क्लाउडवर असते, तरी पासवर्ड आठवत नसेल तर ती असून नसल्यासारखी. पासवर्ड घरी वहीत लिहून ठेवा. दर शनिवारी शीटची पीडीएफ करून स्वतःलाच मेल करा. स्लॅबच्या दिवशी फोन पूर्ण चार्ज आणि पॉवर बँक खिशात, कारण त्या दिवशी मिक्सर, व्हायब्रेटर, पाण्याचा टँकर आणि खडीची गाडी या सगळ्यांचे फोन एकाच वेळी येतात, आणि मेमध्ये उन्हात ठेवलेला फोन तापून बंद पडतो तो नेमका अशाच वेळी. तो दिवस वहीवरच चालवा, शीट रात्री घरी जाऊन भरा.